बीपी तर सगळ्यांनाच होतं, मग फौजीला त्याची पेन्शन का?

प्रश्न : माझे मिस्टर २४ वर्षांच्या नोकरीनंतर २०१९ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले. भरती झाले तेव्हा त्यांना कसलाही आजार नव्हता. निवृत्तीच्या वर्षभर आधी पुण्यात असताना तपासणीत बीपी निघालं. शेवटच्या मेडिकल बोर्डाने अपंगत्व ३० टक्के धरलं, पण ‘पीस स्टेशनवर सुरुवात, सेवेशी संबंध नाही’ असं लिहिलं आणि डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली गेली. पुण्याला येण्यापूर्वी ते अडीच वर्षं कुपवाड्यात राष्ट्रीय रायफल्समध्ये होते. आम्ही अपील करायचं म्हणतोय. पण माझे धाकटे दीर म्हणतात, “वहिनी, मला किराणा दुकानात बसून बीपी झालं, मी कुणाकडे पेन्शन मागू?” यावर मला उत्तर सुचत नाही. हा आजार नोकरीमुळेच झाला, हे सिद्ध तरी कसं करायचं? – एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, तुमच्या दिरांची शंका रास्त आहे आणि ती अनेकांच्या मनात असते. तिचं उत्तर मिळालं की तुमच्या अपिलाची दिशाही सापडेल. या कोड्यात तीन गाठी आहेत. आजार कशाने झाला, हे डॉक्टरांना नक्की सांगता येतं का? येत नसेल, तर नियम कुणाच्या बाजूने झुकतो? आणि इतक्या वर्षांनी तुमच्या हातात काय उरलं आहे? एकेक गाठ सोडवू.

त्याआधी ‘अपंगत्व’ या शब्दाबद्दल. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर कुबड्या येतात, आणि म्हणून “चालता-फिरता माणूस, कसलं अपंगत्व?” असं लोक बोलून जातात. लष्कराच्या नियमांत या शब्दाचा अर्थ त्याहून व्यापक आहे. शरीराची क्षमता कायमची किती घटली, याचा तो हिशोब असतो. सैनिकाची तब्येत ‘शेप’ या श्रेणीत मोजली जाते. बीपी निघालं की तो ‘शेप-वन’मधून खाली येतो, आणि मग उंचावरची ठाणी, काही कोर्सेस, काही नेमणुका त्याला बंद होतात. गोळ्यांनी आकडा आटोक्यात असला तरी गोळी आयुष्यभराची असते, आणि बोर्ड टक्के लिहितो ते त्या आजाराचे. तेव्हा “गोळी घेऊन नॉर्मल आहे ना, मग टक्के कसले?” हा आक्षेप टिकत नाही.

आता पहिली गाठ. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यांच्या पुढे वारंवार जात असेल, तर डॉक्टर साधारणपणे उच्च रक्तदाब म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. मूत्रपिंडाचा विकार, एखाद्या ग्रंथीचा बिघाड असं ठोस कारण सापडलं, तर तो दुय्यम रक्तदाब. असं एकही कारण सापडलं नाही, तर तो प्राथमिक. बहुतेक रुग्ण या दुसऱ्या प्रकारातले असतात, आणि फौजींच्या कागदांवरही बहुधा ‘प्रायमरी हायपरटेन्शन’ हेच शब्द दिसतात.

प्राथमिक रक्तदाबाला एकच बाप नसतो. आनुवंशिकता, मीठ, वजन, वय, दारू-तंबाखू, अपुरी झोप, सततचा ताण असे अनेक हात त्याला लागतात. धोका जाणवला की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. धोका टळला की तो उतरायला हवा. पण महिनोन् महिने रात्री-अपरात्री उठून गस्तीवर जाणाऱ्या माणसाचं शरीर पुरतं सैल होतच नाही. फार उंचावर प्राणवायू विरळ असतो, त्यामुळेही हीच यंत्रणा चेतवली जाते. मात्र एका विशिष्ट माणसाच्या बाबतीत यातल्या कुणाचा वाटा किती, हे सांगणारी रक्ततपासणी आजही नाही. तुमच्या मिस्टरांचं बीपी कुपवाड्यामुळेच झालं, असं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. ते कुपवाड्यामुळे झालंच नाही, हेही त्याला तितक्या खात्रीने म्हणता येणार नाही.

इथेच दुसरी गाठ लागते. जिथे वैद्यकशास्त्र ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणतं, तिथे त्या संशयाचा भार कुणी वाहायचा, हे नियमाला ठरवावं लागतं. दिरांच्या दुकानात आणि मिस्टरांच्या पलटणीत खरा फरक आहे तो इथे.

दिरांनी दुकान उघडलं तेव्हा कुणी त्यांची छाती मोजली नव्हती. सैनिकाची भरती मात्र वैद्यकीय तपासणीशिवाय होत नाही, आणि तो तंदुरुस्त आहे हे सरकारचाच डॉक्टर लिहून देतो. पुढची वीस-पंचवीस वर्षं तो काय खाणार, किती झोपणार, किती उंचीवर राहणार, घरी कधी येणार, हे सरकारच ठरवतं. दिरांना उद्या वाटलं तर दुकान दोन तास उशिरा उघडता येईल. सैनिकाला पहारा उशिरा सुरू करता येत नाही. ज्याने धडधाकट माणूस ताब्यात घेतला आणि त्याचं सगळं जगणं आपल्या हुकुमाखाली ठेवलं, संशयाचा भारही त्यानेच उचलावा, असा या नियमांमागचा विचार आहे.

हा विचार १९८२ च्या ‘एन्टायटलमेंट रूल्स’मध्ये शब्दांत उतरला. भरतीच्या वेळी नोंदलेला दोष नसेल, तर माणूस निरोगी होता असं धरायचं. पुढे तो वैद्यकीय कारणाने बाहेर पडला, तर बिघाड सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं. पुरावा मागायला सैनिकाला दारात उभं करायचं नाही, आणि वाजवी संशय असेल तर त्याचा फायदा त्याला द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंह यांच्या खटल्यात हे सूत्र ठामपणे मांडलं. तो आजार फिट्सचा होता, बीपीचा नव्हता. पण सूत्र सगळ्याच आजारांना लागू पडणारं असल्याने बीपीच्या असंख्य दाव्यांत तोच निकाल पुढे केला जातो. वैद्यकीय मंडळाला वेगळं म्हणायचं असेल तर त्याने कारणं लिहावीत, हा त्यातला कळीचा मुद्दा.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही अर्ध्या माहितीवर अपील कराल. १ जानेवारी २००८ नंतरच्या प्रकरणांना २००८ चे नियम लागू होतात आणि त्यांत ‘गृहीत धरा’ हे जुने स्पष्ट शब्द राहिले नाहीत. आजार आणि सेवा यांचा कार्यकारण संबंध दिसायला हवा, असा त्यांचा भर आहे. मिस्टर २०१९ मध्ये निवृत्त झाले, म्हणजे सरकारी वकील तुमच्यासमोर हाच मुद्दा ठेवणार. तरीही नव्या नियमांतसुद्धा दाव्याच्या अटी सिद्ध करण्याचं ओझं सामान्यतः सैनिकावर टाकलेलं नाही. निवृत्तीनंतर पंधरा वर्षांहून उशिरा दावा केला तर मात्र ते त्याच्यावर येतं. तुम्ही त्या मुदतीच्या आत आहात.

आता तुमच्या कागदाकडे येऊ. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा अहवाल ज्या फॉर्मवर असतो, त्याला एएफएमएसएफ-१६ म्हणतात. त्याच्या मतप्रदर्शनाच्या भागात एक तक्ता असतो. आजाराच्या नावापुढे तीन प्रश्न : सेवेमुळे उद्भवला का, सेवेमुळे बळावला का, सेवेशी संबंध नाही का. प्रत्येकापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’. शेवटच्या रकान्यात कारण. तुमच्या मिस्टरांच्या तक्त्यात पहिल्या दोन प्रश्नांपुढे ‘नाही’ आहे, आणि कारणाच्या जागी एका ओळीत पीस स्टेशनचा, म्हणजे शांत भागातल्या नेमणुकीचा, उल्लेख. हजारो फौजी कुटुंबांचे दावे या तक्त्यापाशीच अडतात.

सर्वांत मोठा गैरसमज त्या पहिल्या दोन प्रश्नांबद्दल आहे. ‘उद्भवला’ हे सिद्ध केल्याशिवाय काही मिळत नाही, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ‘बळावला’ या एका होकारानेही डिसॅबिलिटी पेन्शन मिळते आणि रक्कम तेवढीच असते. लष्करी डॉक्टरांसाठी पेन्शनविषयक मार्गदर्शिका आहे. तिच्या २००८ च्या आवृत्तीतला ४३ वा परिच्छेद उच्च रक्तदाबावर आहे. तो म्हणतो की या आजाराला ‘सेवेमुळे उद्भवला’ म्हणणं योग्य ठरत नाही, पण सेवेने तो बळावला का, हे पाहिलंच पाहिजे. फील्ड एरिया, अति उंचीचा प्रदेश, बंडखोरीविरोधी मोहिमा किंवा जहाजावरची दीर्घ नोकरी चालू असताना प्राथमिक रक्तदाब झाला, तर तो सेवेने बळावला असं धरायचं, हेही त्यातच आहे. म्हणून तुमच्या अपिलाचा सगळा जोर दुसऱ्या प्रश्नावर हवा.

“पण बीपी तर पुण्यात निघालं,” हा पुढचा अडथळा. नीट पाहा, पुण्यात बीपी ‘निघालं’. ते तिथेच ‘सुरू झालं’ असं त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. ताप आला की अंग तापतं, दात दुखला की कळ येते. बीपीला सहसा कसलीच खूण नसते. वर्षभर चढलेला दाब माणसाला कळत नाही, तो कळतो पट्टा दंडाला बांधला त्या दिवशी. त्यामुळे आजार सापडल्याची तारीख ही मोजल्याची तारीख असते. अडीच वर्षं कुपवाड्यात काढून आलेल्या माणसाचं बीपी काही महिन्यांत पुण्यात सापडलं, तर आधीच्या अडीच वर्षांचा विचार न करता ‘पीस स्टेशन’ एवढंच लिहिणं अपुरं आहे. अपिलात हा मुद्दा याच क्रमाने मांडा : कुपवाड्यातून बदलीची तारीख, पुण्यात रुजू झाल्याची तारीख, पहिलं वाढीव रीडिंग, आणि कुपवाड्याला जाण्यापूर्वीचं शेवटचं रीडिंग. आधीचं रीडिंग सामान्य असेल, तर तुमच्या अपिलातला तो सगळ्यात भक्कम कागद.

न्यायालयांचा अलीकडचा कलही समजून घ्या. प्राथमिक रक्तदाब आणि मधुमेहाच्या दाव्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाने सैनिकांच्या बाजूने दिलेल्या निकालांविरुद्ध केंद्र सरकार दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं. २०२५ मध्ये त्यातल्या अनेक याचिका फेटाळल्या गेल्या. आजार पीस स्टेशनवर सापडला किंवा तो जीवनशैलीचा आहे, एवढं म्हणून नकार देता येणार नाही, मंडळाने त्या माणसाच्या बाबतीत कारणं द्यायला हवीत, असा त्या निकालांचा सूर होता. याचा अर्थ प्रत्येक दावा जिंकतो असा नाही. मंडळाने सविस्तर कारणं दिली असतील, वजन अतोनात वाढल्याच्या आणि सल्ला न पाळल्याच्या नोंदी असतील, तर वैद्यकीय मताचा मान राखून दावे नाकारलेही गेले आहेत. म्हणून मी पुन्हा सांगतो, निकाल बहुतेक वेळा त्या शेवटच्या रकान्यातल्या कारणावर ठरतो.

पैशांचा हिशोब सोपा आहे. पूर्ण मुदतीची नोकरी करून निवृत्त झालेल्याला किमान २० टक्के अपंगत्व लागतं, मिस्टरांचं ३० आहे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या हिशेबी वेतनाच्या ३० टक्के ‘डिसॅबिलिटी एलिमेंट’ मिळतो, आणि टक्के कमी तसा तो कमी होतो. त्यावर ‘ब्रॉड बँडिंग’ येतं, म्हणजे टक्के वरच्या टप्प्याला नेणं. पन्नासच्या आतले सगळे पन्नास धरतात, पन्नास ते पंचाहत्तर असतील तर पंचाहत्तर, आणि त्यापुढचे शंभर. हा लाभ मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही द्यायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात स्पष्ट केलं. समजा, हिशेबी वेतन ४०,००० रुपये होतं. शंभर टक्क्यांना १२,०००, ३० टक्क्यांना ३,६०० आणि ब्रॉड बँडिंगने ५० टक्के धरल्यावर महिना ६,००० रुपये, शिवाय त्यावर महागाई भत्ता. हे नेहमीच्या पेन्शनव्यतिरिक्त आहे, ती पेन्शन यामुळे कमी होत नाही.

आता तिसरी गाठ : उशीर. नियमानुसार नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील आणि त्यावरच्या निर्णयापासून सहा महिन्यांत दुसरं अपील करायचं असतं. दोन्ही अपिलांत नकार आला की सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झालं, २००९ पासून काम करू लागलं, आणि त्याच्या मुंबई खंडपीठाकडे महाराष्ट्र, गोवा व गुजरातची प्रकरणं जातात. मुदत उलटली म्हणून सगळं संपलं, हाही गैरसमजच. पेन्शन दर महिन्याची असल्यामुळे तिचा अन्यायही दर महिन्याला नव्याने होतो, असं न्यायालयं मानतात आणि उशीर माफ होऊ शकतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. तरसेम सिंह प्रकरणातल्या २००८ च्या निकालानुसार थकबाकी साधारणपणे अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे तुम्ही जितकं थांबाल, तितके मागचे महिने कायमचे हातचे जातील.

कामाला लागायचं ते कागद गोळा करण्यापासून. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि नकाराचं पत्र घरात असेल. मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत, भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल आणि दरवर्षीच्या तपासणीच्या नोंदी नसतील, तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. मिस्टर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे असतील तर ते बेळगावला आहे. नेमणुकांचा तक्ता तारखांसह मागायला विसरू नका. सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अपिलाचा मसुदा कसा करायचा, हे विचारता येतं. खासगी डॉक्टरचा दाखला आणून काम भागेल असं कुणी सांगितलं, तर त्यावर विसंबू नका. लष्करी बोर्डाच्या मतासमोर त्याचं वजन फार कमी पडतं. बोर्डाच्याच नोंदी आणि त्याचाच अपुरा खुलासा दाखवणं अधिक परिणामकारक. आणि मिळणाऱ्या थकबाकीत निम्मा वाटा मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा.

एक इशारा मनापासून देतो. अपील चालू असताना आकडा जास्त दिसावा म्हणून काही जण गोळ्या थांबवतात. तसं मिस्टरांना अजिबात करू देऊ नका. सेवेशी संबंध आहे की नाही, हे आजच्या रीडिंगवर ठरत नाही. थांबलेल्या गोळीने मात्र पक्षाघात होऊ शकतो. ईसीएचएस या आरोग्य योजनेचे उपचार डिसॅबिलिटी पेन्शन मिळाली नाही तरी निवृत्त सैनिकाला मिळतात, त्यांचा लाभ घेत राहा.

आणखी एका वाचकांनी विचारलं होतं की २०२३ च्या नव्या नियमांनी हे सगळं बंद झालं का. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले हे खरं. अपंगत्व असूनही नोकरीत राहून मुदतीने निवृत्त होणाऱ्यांसाठी त्यांत ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ हा वेगळा शब्द आणि वेगळी मांडणी आली. पण ते पुढच्यांसाठी आहेत. २०१९ च्या निवृत्तीला ते मागे जाऊन लागू होत नाहीत.

हा प्रश्न फक्त आपल्याच देशाला पडला असंही नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने जंगलं उजाड करण्यासाठी ‘एजंट ऑरेंज’ हे रसायन फवारलं. त्याच्या संपर्कात आलेल्या सैनिकांना पुढे बीपी झालं, पण ते रसायनाने की वयाने, हे एकेकाला सिद्ध करता येईना. अनेक वर्षं त्यांची अपिलं फेटाळली जात होती. अखेर १० ऑगस्ट २०२२ रोजी सही झालेल्या ‘पॅक्ट’ कायद्याने उच्च रक्तदाब हा एजंट ऑरेंजशी जोडलेला आजार म्हणून गृहीत धरला. तिथे टक्के मात्र आकड्यावर ठरतात. खालचा दाब प्रामुख्याने १०० किंवा वरचा १६० च्या घरात असेल तर १० टक्के, आणि तिथून पुढे चढती पायरी. पद्धत वेगळी असली तरी शहाणपण तेच आहे. विज्ञान एकेका माणसाचं उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा ज्याने त्याला तिथे पाठवलं त्याने संशय आपल्याकडे घ्यावा.

तेव्हा दिरांना सांगा, बीपी दोघांचंही सारखंच आहे आणि दोघांनीही मीठ कमी करायला हवं. पण एकाचा दिनक्रम त्याच्या हातात होता, दुसऱ्याचा सरकारच्या. डिसॅबिलिटी पेन्शन त्या फरकाची आहे, तिच्यात उपकार नाही. आज संध्याकाळी ट्रंक उघडून बोर्डाचा तो तक्ता बाहेर काढा आणि शेवटचा रकाना वाचा. तिथे लिहिलेल्या एका ओळीला तारखांनिशी उत्तर देणं, एवढंच तुमच्या अपिलाचं काम आहे.